मुरमाची माणसं : रामकिंकर बैज यांची शिल्पं वाचताना



पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतीच सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या मुलामुलींशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते. आमच्याकडे साधनं नाहीत. लॅबमध्ये अमुक मशीन नाही, ग्रंथालयात तमुक जर्नल येत नाही, मग चांगलं काम कसं होणार? तक्रार खोटी नाही. पण आज मी तिचं उत्तर एका चित्रकार-शिल्पकाराच्या आयुष्यातून शोधणार आहे. माझं स्वतःचं काम बांधकामाच्या साहित्यावर, त्यातही सिमेंट कसं जुनं होतं यावर आहे. त्यामुळे या माणसाकडे मी कलेच्या दारातून गेलो नाही, काँक्रीटच्या दारातून गेलो. त्याचं नाव रामकिंकर बैज.

कलेच्या इतिहासात रामकिंकरांची ओळख 'आधुनिक भारतीय शिल्पकलेचे एक प्रवर्तक' अशी असते. निसर्गातून प्रेरणा घेणारा कलावंत, असंही लिहिलेलं असतं. हे दुसरं विधान मला नेहमी अपुरं वाटतं. निसर्गातून प्रेरणा घेतली म्हणजे नेमकं काय केलं? झाडं काढली? सूर्यास्त रंगवले? संशोधनात असं मोघम विधान समोर आलं की विचारायचं असतं : पुरावा कुठे आहे? रामकिंकरांच्या बाबतीत तो त्यांच्या शिल्पांच्या पृष्ठभागावरच आहे, अगदी हाताला लागेल असा.

बांकुडा ते शांतिनिकेतन

रामकिंकरांचा जन्म १९०६ सालचा, बंगालमधल्या बांकुडा गावचा. घरची परिस्थिती बेताची. घराणं नाभिक समाजातलं, कलेची कसलीही परंपरा नसलेलं. पण वस्तीच्या आसपास मूर्ती घडवणारे कारागीर होते. त्यांच्याकडे बसून पोराने मातीकाम पाहिलं आणि केलं. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत पेणच्या कारखान्यांत एखादं पोरगं जसं बघता बघता हात चालवायला शिकतं, तसंच हे. असहकार चळवळीच्या काळात त्यांनी राष्ट्रीय नेत्यांची चित्रंही रंगवली.

'मॉडर्न रिव्ह्यू' आणि 'प्रबासी' या मासिकांचे संपादक रामानंद चॅटर्जी मूळचे बांकुड्याचेच. त्यांनी या मुलाचं काम पाहिलं आणि १९२५ साली रामकिंकर शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. तिथे नंदलाल बोस शिकवत होते आणि बिनोदबिहारी मुखर्जी हे थोडे आधी आलेले विद्यार्थी होते. पुढे युरोपातून आलेल्या काही शिल्पकारांकडून रामकिंकरांना प्रत्यक्ष शिल्पकामाचे धडेही मिळाले. शिक्षण झाल्यावर ते तिथेच शिक्षक झाले आणि जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच राहिले.

शांतिनिकेतन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवी आमराई येते. पण या प्रदेशाचा खरा चेहरा लाल आहे, आणि रामकिंकरांची शिल्पं समजायला तो आधी समजून घ्यावा लागतो.

लाल जमीन

शांतिनिकेतन बीरभूम जिल्ह्यात, अजय आणि कोपाई या नद्यांच्या मधल्या भागात आहे. तिथली जमीन लॅटराइटची. कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, कारण आपण त्यालाच जांभा म्हणतो. उष्ण हवेत आणि भरपूर पावसात मूळ खडक हजारो-लाखो वर्षं झिजत राहतो. सिलिकासारखे विरघळणारे घटक पाण्याबरोबर वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. लोहामुळे रंग लाल होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली मलबारच्या संदर्भात 'लॅटराइट' हे नाव वापरलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट, कारण तिथले लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधत होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिऱ्यांची घरं अशीच उभी आहेत.

बीरभूमला मात्र चिऱ्यांपेक्षा याचे सुटे लाल खडेच सगळीकडे दिसतात. बंगालीत त्याला मोरम म्हणतात. आपला मुरूम आणि हा मोरम हे शब्दांनी सख्खे भाऊ. पावसाच्या पाण्याने या जमिनीत घळी पडतात आणि त्या उघड्याबोडक्या, घळींच्या मुलखाला तिथे खोवाई म्हणतात. रामकिंकरांच्या जलरंगांत ही खोवाई, तिच्यावर येणारं वादळ, वाकलेली झाडं पुन्हा पुन्हा दिसतात.

आता प्रश्न असा : या जमिनीवर राहणाऱ्या माणसाला माणसाएवढं किंवा त्याहून मोठं शिल्प उघड्यावर करायचं आहे. ते तो कशात करेल?

ब्राँझ नव्हतं म्हणून?

त्या काळात शिल्पकलेचा प्रतिष्ठित रस्ता ठरलेला होता. मातीत मॉडेल करायचं, प्लास्टरचा साचा काढायचा आणि मग ब्राँझमध्ये ओतायचं, नाहीतर संगमरवरात कोरायचं. आपल्याकडे विनायक पांडुरंग करमरकरांनी केलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिला, तो याच परंपरेतला. यासाठी ओतशाळा लागते, धातू लागतो आणि मुख्य म्हणजे काम सांगणारा, पैसे देणारा माणूस लागतो.

रामकिंकरांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांनी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा केला आणि सिमेंटमध्ये तिथलाच लाल मोरम कालवून तो माल हाताने त्या सांगाड्यावर थापत, फेकत शिल्प वाढवत नेलं. मध्ये साचा नाही, ओतकाम नाही. शिल्प जिथे उभं राहायचं तिथेच, उघड्यावर तयार झालं.

१९३५ च्या सुमाराची 'सुजाता' पाहा. उंच, सडपातळ मुलगी निलगिरीच्या झाडांमध्ये उभी आहे. तिचा सडसडीतपणा त्या खोडांशी इतका जुळतो की लांबून तीही एक खोडच वाटावी. डोक्यावरचं भांडं नंदलाल बोसांच्या सुचवण्यावरून आलं आणि त्यामुळे ती बुद्धाला खीर देणारी सुजाता झाली. इथे निसर्ग हा विषय नाहीच. तो मोजमापाचं माप झालाय. शिल्प किती उंच हवं, किती बारीक हवं, हे शेजारच्या झाडांनी ठरवलंय.

मग १९३८ चं 'संथाल परिवार'. रामकिंकर तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. एक संथाल कुटुंब कामाच्या शोधात वाट चालतंय. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे. तिच्या एका बाजूला मूल बसलंय, दुसरीकडे संसाराचा भार आहे. शेजारी बाई आहे आणि बरोबर कुत्रा. कोणी राजा नाही, सेनापती नाही, पुढारी नाही. ज्यांच्या नावाने भारतात कोणी पुतळा उभारला नसता, अशी ही माणसं. त्यांना आकार माणसाहून मोठा मिळाला आणि तोही चौथऱ्यावर फार उंच चढवून दिलेला नाही. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून बरेच अभ्यासक याचंच नाव घेतात.

त्यांचा पृष्ठभाग पाहिलात तर तो खरबरीत आहे. खडे बाहेर दिसतात. गुळगुळीत कातडीचा आभास कुठेही नाही. ही माणसं ज्या जमिनीवरून चालली आहेत त्याच जमिनीची ती बनली आहेत. सुरुवातीला विचारलेल्या पुराव्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. रामकिंकरांचा निसर्ग चित्रविषयात शोधायला गेलात तर अर्धाच सापडेल. उरलेला अर्धा साहित्यात आहे.

'ब्राँझ परवडत नव्हतं म्हणून सिमेंट' हे स्पष्टीकरण बरोबर आहे, पण ते फक्त सुरुवात सांगतं. पैशाच्या टंचाईने सिमेंट का आलं ते कळतं. पण सिमेंटला गिलावा करून गुळगुळीत करता आलं असतं, दगडाचा आभास देता आला असता. तसे पुतळे आपण गावोगावी बघतोच. रामकिंकरांनी खडे उघडे ठेवले. तो निर्णय टंचाईने घेतलेला नाही. संशोधनात आपणही हा फरक करायला शिकलं पाहिजे : कुठली गोष्ट परिस्थितीने लादली आणि कुठली संशोधकाने निवडली.

रंग, वाढ आणि वारा

शिल्पकार म्हणून नाव मोठं झालं तरी रामकिंकर शेवटपर्यंत चित्रकारही होते. शांतिनिकेतनचा कल जलरंग आणि टेंपेराकडे होता. तिथे राहून त्यांनी तैलरंग हाताळले आणि युरोपातल्या क्युबिझमसारख्या शैलींशी उघडपणे झटापट केली. गंमत म्हणजे त्यासाठी ते पॅरिसला जाऊन राहिले नव्हते. पुस्तकं, छापील चित्रं आणि शांतिनिकेतनात येणारी माणसं यांतून जे कळलं ते त्यांनी खोवाईवर तपासून पाहिलं.

याच काळात, १९४० च्या सुमाराला, त्यांनी 'दीपस्तंभ' केला. त्यात माणूस नाही, प्राणी नाही. फक्त एकमेकांतून वर येत जाणारे, वळणारे आकार आहेत. रोप जमिनीतून कसं वर येतं याची ती चित्रित नक्कल नाही, पण वाढण्याची जी ओढ असते ती त्यात आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून याला असं वाचतो : नमुना बाजूला ठेवून त्यांनी प्रक्रिया उचलली. त्यानंतर १९४३ मध्ये भात झोडणाऱ्या बाईचं शिल्प आलं. बंगालच्या दुष्काळाचं ते वर्ष. लाखो माणसं भाताविना मेली त्या वर्षी भात झोडणारी बाई उभी करणं याचा अर्थ मी वेगळा सांगायची गरज नाही.

१९५६ च्या 'कोलेर बांशी' म्हणजे 'गिरणीचा भोंगा' या शिल्पात दोन संथाल बाया भाताच्या गिरणीकडे धावत निघाल्या आहेत. भोंगा वाजलाय. ओली वस्त्रं अंगावर, वाऱ्यावर वाळत चालली आहेत आणि मागून पोर पळतंय. 'संथाल परिवार' आणि हे शिल्प यांच्यामध्ये अठरा वर्षं आहेत. पहिल्यात चाल संथ आहे, ती चालणाऱ्यांच्या पायांनी ठरलेली. दुसऱ्यात वेग भोंग्याने ठरवलाय. शेतीवरून गिरणीकडे सरकणाऱ्या समाजाचा इतिहास लिहायला एखाद्या समाजशास्त्रज्ञाला प्रकरण लागलं असतं. इथे ती दोन शिल्पं एकामागोमाग पाहिली तरी पुरतं. तरीही वारा मात्र तसाच आहे. एवढं जड काँक्रीट, आणि त्यात वारा दिसतो!

यक्ष आणि यक्षी : एका प्रकल्पाची गोष्ट

ज्यांना पीएच.डी. लांबण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी ही पुढची गोष्ट. १९५० च्या दशकाच्या मध्यात रिझर्व्ह बँकेने दिल्लीतल्या नव्या इमारतीच्या दारासाठी शिल्पं करून घ्यायचं ठरवलं. मुंबईचे कला-अभ्यासक कार्ल खंडालावाला यांचा सल्ला घेतला गेला. यक्ष आणि यक्षी ही जोडी ठरली, म्हणजे धनाचा राखणदार आणि समृद्धीची देवता. काम रामकिंकरांकडे आलं.

आता त्यांची पद्धत बघा. आधी त्यांनी पूर्वसूरींकडे पाहिलं. यक्षासाठी मथुरेच्या संग्रहालयातला परखमचा यक्ष आणि यक्षीसाठी कलकत्त्याच्या संग्रहालयातली बेसनगरची यक्षी हे आधार धरले. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी संदर्भ-साहित्याचा आढावा. पण आढाव्याची नक्कल केली नाही. त्यांच्या यक्षाच्या एका हातात पैशाची थैली आहे आणि दुसऱ्या हातात दातेरी चाक. जुन्या देवतेला कारखान्यांचा काळ दिसला पाहिजे, म्हणून. यक्षीकडे शेतीचं प्रतीक आहे.

मग साहित्य. या कामाला मोरम चालणार नव्हता. त्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात बैजनाथजवळचा वालुकाश्म निवडला. तेवढे मोठे दगड शोधणं, काढणं आणि डोंगरातून दिल्लीपर्यंत आणणं हेच एक स्वतंत्र काम झालं. खर्च वाढला, मुदत टळली, पत्रव्यवहार झाला. शिल्पं पुरी होईपर्यंत १९६० चं दशक सरत आलं होतं. त्यानंतर यक्षीच्या नग्नतेवरून संसदेतही प्रश्न विचारला गेला. शिल्पं मात्र आजही संसद मार्गावर त्या दारापाशी उभी आहेत. दहा-बारा वर्षांचा उशीर आज कोणाच्या लक्षातही येत नाही. (हे वाक्य तुमच्या गाइडला दाखवू नका.)

किंमत

इथपर्यंत वाचून 'जे हाताशी आहे त्यातून काम करा' असा सोपा बोध काढावासा वाटेल. मी तिथे थांबणार नाही, कारण माझा विषय इथून सुरू होतो.

काँक्रीटमधली सळई सुरुवातीला सुरक्षित असते. सिमेंटमुळे आतलं वातावरण तीव्र आम्लारीधर्मी असतं, पीएच बाराच्या वर. त्यात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि पीएच नऊच्या आसपास खाली येतो. सळईचं संरक्षण गेलं की पाणी आणि ऑक्सिजन मिळताच गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. त्याच्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं. आपल्या जुन्या चाळींच्या गॅलऱ्यांमधून सळ्या बाहेर आलेल्या दिसतात, ते हेच.

त्यात लॅटराइटचा खडा सच्छिद्र. आपली बेसॉल्टची काळी खडी जेवढी घट्ट असते तेवढा तो नसतो, पाणी पितो. शिवाय हाताने थापलेल्या मालात पोकळ्या राहतात आणि सळईवरचा थर सगळीकडे सारखा जाड नसतो. म्हणजे ज्या गोष्टींमुळे ही शिल्पं जिवंत वाटतात, त्याच गोष्टी त्यांना आतून पोखरतात. उघडे खडे, हाताचे फटकारे, बारीक हातपाय, सगळं सौंदर्य रसायनशास्त्राच्या नजरेत दुर्बळ जागा आहे. बंगालचा पाऊस वर्षानुवर्षं या शिल्पांवर पडत आलाय आणि त्यांच्या जतनासाठी वेळोवेळी खटपट करावी लागली आहे.

मग दुरुस्ती कशी करायची? तडे भरून वरून गिलावा केला तर शिल्प टिकेल, पण खडे झाकले जातील. म्हणजे रामकिंकरांचा निर्णयच पुसला जाईल. वर छप्पर घातलं तर पाऊस थांबेल, पण आभाळाखाली चालणारं कुटुंब मांडवात येईल. काहीच केलं नाही तर एक दिवस कावडीचा हात गळून पडेल. यातला कुठलाही पर्याय फुकट नाही. संवर्धनाच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं : प्रयोगशाळा तुम्हाला सळई किती गंजली ते सांगेल. काय वाचवायचं ते सांगणार नाही. त्यासाठी इतिहास वाचावा लागतो.

खुद्द रामकिंकर टिकाऊपणाबद्दल फारसे हळवे नव्हते. पावसात छप्पर गळायला लागलं की ते आपले तैलरंगातले कॅनव्हास वर लावून गळती थांबवत, ही त्यांच्याबद्दल हमखास सांगितली जाणारी गोष्ट आहे. ऐकून हसू येतं आणि मग पोटात कालवतं. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ऋत्विक घटकांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर माहितीपट चित्रित केला, पण तो पुरा व्हायच्या आधीच घटक गेले. २ ऑगस्ट १९८० रोजी रामकिंकरही गेले. तोवर त्यांचे विद्यार्थी देशभर पसरले होते. शंखो चौधरी त्यांच्यापैकीच, ज्यांनी बडोद्याला शिल्पकला विभाग घडवला. त्या विभागात पुढे महाराष्ट्रातलीही कितीतरी मुलं शिकली.

आपल्यासाठी काय?

मला यातून तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली, आपल्या आसपास जे आहे त्याचे गुणधर्म नीट माहीत करून घ्या. रामकिंकरांना मोरम फुकट मिळाला म्हणून ते मोठे झाले नाहीत. तो फुकट सगळ्यांनाच मिळत होता. तुमच्या तालुक्यातली माती, बोली, विहिरींच्या नोंदी, जुन्या संस्थांची दप्तरं, हा तुमचा मोरम आहे.

दुसरी, निवडलेल्या साधनाच्या मर्यादा प्रबंधात उघड लिहा. त्या झाकणारा गिलावा परीक्षकाला लगेच दिसतो आणि नाही दिसला तर पुढच्या संशोधकाच्या अंगावर पडतो.

तिसरी, नोंदी ठेवा. काय मिसळलं, किती, कधी. कलावंताला याची सूट आहे, आपल्याला नाही. शिल्पाची दुरुस्ती करणाऱ्याला आज मिश्रणाचं प्रमाण जाणून घ्यायला शिल्पाचाच कण काढून तपासावा लागतो.

शांतिनिकेतन लांब वाटत असेल तर अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे, तिथे जाऊन या. पुण्यातला ब्राँझचा पुतळा करणाऱ्या या माणसाने सिमेंटमध्येही शिल्पं केली. त्यांचं सिमेंट किती वेगळं वागतं ते जवळून बघा. आणि येताना वाटेत एखाद्या जांभ्याच्या भिंतीला हात लावून पाहा. बोटांना जे खरखरीत लागेल, तसं काहीतरी 'संथाल परिवार'मधल्या त्या बाईच्या दंडालाही लागेल.

पुढच्या लेखात काँक्रीटचं कार्बोनेशन साध्या फिनॉल्फ्थेलिनने कसं तपासतात ते लिहितो. त्याला कुठलंही महागडं मशीन लागत नाही.